तळाचा रंग

शिरूरला आमच्या शेजारी राहणारे मामा मूळचे कोकणातले. लेकीला रांजणगावच्या कंपनीत नोकरी लागली, म्हणून तिच्याबरोबर इकडे आले. कुठं ट्रॅक्टरची ट्रॉली उभी दिसली, की वाकून आधी तिचा तळ बघतात, नखानं खरवडतात. जन्मभर बंदरात होड्यांच्या तळांना रंग दिलेला माणूस, सवय जाणार कशी?

गल्लीतलं कुणीही कोकणात निघालं, की मामांचं एकच मागणं. "खाडीतली कालवं आणा. शिंपल्यांसकट आणा हां."

मागच्या महिन्यात मी आणली. मामांनी एक शिंपला नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"मामा, रस्सा करू का?" बायकोनं विचारलं.

"नको गो. ही खायची नाहीत."

"आन् मंग मागवता कशाला?"

मामांनी शिंपला पुन्हा हुंगला. म्हणाले, "होडीच्या तळाला शेवाळ, शिंपले धरू नयेत म्हणून आम्ही द्यायचो तो रंग विषारी. झिजून पाण्यात उतरतो. कालवं तेच पाणी पितात, आणि मग ते विष कालवं खाणाऱ्याच्या अंगात जातं. त्या खाडीत डबेच्या डबे मीच ओतलेत म्हणा."

मग कुंपणाशी खड्डा करून त्यांनी कालवं पुरली. कुत्र्यानं उकरू नयेत म्हणून वर फरशी ठेवली.

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी हात धुतले नाहीत. ओट्यावर बसून ते हात पुन्हा पुन्हा नाकाशी नेत राहिले.

"आता खाडीत भरती लागली असेल," घोडनदीकडं बघत ते म्हणाले.