चंद्राक्कांचा सत्कार

आमच्या नाटक मंडळीला कितीदा तरी जेवू घालणाऱ्या चंद्राक्का बेळगावात विद्यार्थ्यांची खानावळ चालवत. व्यवसाय, राहणीमान आणि पर्यावरणासाठी शहराला पुरस्कार मिळाला, तेव्हा जुन्या व्यावसायिक म्हणून महापालिकेनं त्यांचाही सत्कार ठरवला. त्याच आठवड्यात नव्या व्यापारी संकुलासाठी महापालिका त्यांची खानावळ पाडणार होती.

त्या मंचावर जाण्याआधी मी बजावलं, "आक्का, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचू दे!"

माइकसमोर त्या म्हणाल्या, "पोरांची परीक्षा हाय. तेवढी होईस्तोवर तरी खानावळ पाडू नगासा…"

समारंभाच्या अध्यक्षांनी हसत, वाक्य अर्धवट असतानाच, त्यांना शाल पांघरवली आणि नारळ हातात दिला. "आक्का, आज आनंदाचा दिवस. हे नंतर बोलू."

टाळ्या कडाडल्या. जन्मभर टाळ्यांवर जगलेला मी. सवयीनं मीही वाजवल्या. आक्का माझ्याकडंच बघत होत्या.

सोमवारी खानावळ पाडली. पोरं बिस्किटं खाऊन पेपरला गेली.