अप्पाचा राहिलेला उतार

त्या बुधवारी सकाळी गिरिजावहिनींचा फोन आला तेव्हा मी अंगणात सायकलच्या चाकात हवा भरत होतो. "भावजी, या. हे बोलंनात," एवढंच त्या म्हणाल्या. अप्पाचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. मी पोचलो तेव्हा घरात वहिनी, त्यांचे धाकटे दीर महालिंग आणि शेजारचे डॉक्टर असे तिघे होते, आणि डॉक्टर आपली बॅग बंद करत होते. अप्पा पाटावर बसलेला, भिंतीला टेकलेला. डाव्या तळहातावर इष्टलिंग तसंच होतं. अप्पाचं घर लिंगायत. त्यांच्यात रोज सकाळी गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतात, पूजा करतात आणि ती झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्या दिवशीची पूजा पुरी झाली होती का, हे वहिनींना सांगता येईना. त्या आत भाकरी थापत होत्या... मन्मथअप्पा, माझा शाळेपासूनचा मित्र, परभणीच्या मोंढ्यात बी-बियाण्याचं दुकान चालवणारा, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी लिंगैक्य झाला. येत्या सप्टेंबरात तो, वहिनी आणि मी असे तिघं फ्रान्सला जाणार होतो. तिकिटं काढून आठवडाही झाला नव्हता.

आम्हा दोघांची ती दुसरी खेप होती, आणि ती एकाच कारणासाठी ठरली होती. ते कारण सांगायचं तर पहिल्या खेपेपासून सांगावं लागेल. अप्पाची मुलगी ऋतुजा शिकायला फ्रान्सच्या दक्षिण भागात गेली. तिने तिकडच्या डोंगरांचे, डोंगरावरच्या जुन्या दगडी गावांचे फोटो पाठवले. आम्ही दोघं तेव्हा रोज सकाळी पिंगळीपर्यंत आणि रविवारी देवगाव फाट्यापर्यंत सायकलने जाऊन यायचो. अप्पाने फोटो पाहिले आणि म्हणाला, "येतो मी. पण बसमध्ये बसून डोंगर बघायचा न्हाई." पोरीने आठ दिवसांचा रस्ता आखून दिला, सामान वाहायला स्वतः भाड्याची मोटार घेऊन मागेपुढे राहायचं कबूल केलं. त्यावर अप्पाने नियम घातला: परभणीकराने त्या गाडीत बसायचं नाही. रस्ता पुरा करायचा तो सायकलच्या चाकावरच, एक किलोमीटरही सोडायचा नाही. चार वर्षं आम्ही त्यासाठी पैसे बाजूला टाकले.

आता परभणीत चढ आणायचा कुठून? काळी सपाट जमीन, नजर जाईल तिथवर तूर नाहीतर सोयाबीन. माझी नोकरी पाटबंधाऱ्याची, कालव्याला उतार काढून देण्याची. आमच्याकडे किलोमीटरला वीत-दीड वीत उतार दिला तरी पाणी वाहतं. सगळ्या शहरात उंच अशी एकच जागा, रेल्वेवरचा उड्डाणपूल. मी पुलाची उंची मोजली, ऋतुजाने पाठवलेल्या सगळ्यात मोठ्या चढाच्या उंचीला पुलाच्या उंचीने भागलं, आणि जेवढा आकडा आला तेवढ्या वेळा पहाटे पूल चढायचा असं ठरलं. एवढ्या वेळा चढलो की पोलीसही ओळखायला लागले. पुलाखाली मालवाहू टेम्पो लावणारे रशीदभाई ओरडायचे, "अप्पा, वरती काय विसरून आले का? येकदाच घेऊन टाका ना!" अप्पा हात करायचा आणि परत वळायचा. उताराचा आम्ही विचारच केला नाही. उतार म्हणजे आराम, हा आमच्या भागातला हिशोब. पुलाचा उतार सरळ, पाच-पंचवीस श्वासांत संपणारा. तिथे ब्रेक लावतोच कोण?

सप्टेंबरात खरिपाचं गिऱ्हाईक ओसरलेलं असतं आणि रब्बीला वेळ असतो, म्हणून तोच महिना धरला. लॉट नावाच्या नदीच्या दोन्ही अंगांचा तो डोंगराळ मुलूख. रस्ते अरुंद, कडेला अक्रोडाची झाडं, दगडी बांध, त्यापलीकडे मेंढ्या. शत्रू लांबून दिसावा म्हणून जुन्या लोकांनी गावं माथ्यावर वसवली आणि त्याचा भुर्दंड आमच्या मांड्यांनी भरला. पण अप्पा चढत होता. पुलाने काम केलं होतं. गावात शिरलं की पिवळट दगडाची घरं एकमेकांना खेटून उभी, मधे लाकडी खांबांवर उभा असलेला बाजार आणि एका गावात त्या बाजारातच धान्य मोजायची मापं दगडात कोरलेली. अप्पाने मापात कोपरापर्यंत हात घातला, बोटांनी तळ चाचपला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ही आपल्या पायलीपेक्षा थोडी मोठी हाय. मोंढ्यातली माणसं सगळीकडं सारखीच असतील का रे? इथंबी कुणीतरी मापाला अंगठा लावलाच असंल." सोबत वहिनींनी दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. तिकडचा पाव, टोमॅटो आणि ही चटणी, यावर आम्ही डोंगर काढले.

एका सकाळी लवकर निघायचं म्हणून त्याने गावातल्या कारंज्याच्या कट्ट्यावर बसूनच पूजा केली. समोरच्या घरातली म्हातारी दारात आली. घामेजलेला माणूस तळहाताकडे टक लावून बसलाय म्हटल्यावर तिला वाटलं, याला काही होतंय. ती पेलाभर पाणी घेऊन आली. अप्पाने मान हलवली, उजव्या हाताने थांबायची खूण केली. म्हातारी थांबली. पेला धरून पूजा होईपर्यंत उभी राहिली. मग त्याने पाणी घेतलं, दोन्ही हात जोडले. ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली, हा म्हणाला, "व्हय आजी, लय गोड हाय पाणी." दोघांचंही समाधान झालेलं दिसलं.

पाचव्या दिवशी पठार संपलं आणि रस्ता नदीच्या घळीत उतरायला लागला. आठ किलोमीटर, वळणामागे वळण, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढी भिंत. आधीचे उतार छोटे होते, ते आम्ही कसेबसे निभावले होते. इथे तिसऱ्या वळणावर अप्पाची सायकल बारीक खडीवर सरकली. पडला नाही, भिंतीला पाय लावून थांबला. मी मागे होतो. त्याची बोटं ब्रेकवरून सुटत नव्हती, मी एकेक करून सोडवली. इतकी वर्षं मी त्याला ओळखत होतो, पण त्याला भ्यालेला पहिल्यांदाच बघत होतो. ऋतुजा खाली थांबली होती. तिला फोन केला.

"ती वर यायलीय गाडी घेऊन," मी म्हणालो.

"तिला म्हण, येऊ नको. गाडीत बसायचं न्हाई."

"अप्पा, जीव मोठा का नियम मोठा?"

"दोन्ही सांभाळतो की. चालत येतो. तू हो पुढं."

मी पुढे झालो. खाली पोचेपर्यंत ब्रेकच्या रबराचा जळका वास नाकात बसला होता. अप्पा सायकल हातात धरून, थांबत थांबत, ऊन कलल्यावर खाली आला. ऋतुजाने त्याचे पाय गरम पाण्यात घातले. मी म्हणालो, गाडीत बसला नाहीस, म्हणजे रस्ता पुरा झाला. तो पाण्यातले पाय बघत राहिला. "चाकावर म्हणलो होतो मी. पायावर न्हाई... एवढा राह्यला." पुढचे तीन दिवस त्याने सगळं नीट पार पाडलं, पण घरी येताना विमानात त्या उताराशिवाय दुसरं काही बोलला नाही. पुन्हा येऊन तो उतार उतरायचाच, हे तिथेच ठरलं.

परभणीला आल्यावर मात्र गंमत सुरू झाली. जिंतूरच्या पुढे टेकड्या लागतात, तिथे एक वळणावळणाचा रस्ता आहे. दर रविवारी अप्पा रशीदभाईंच्या टेम्पोत सायकली टाकून माथ्यावर न्यायचा आणि खाली उतरायचा. खाली टेम्पोत बसून पुन्हा वर. रशीदभाई म्हणायचे, "दुनिया चढने को गाडी करती, तुम उतरने को करते! अप्पा, तुम्हारा सब उलटा हाय." ऋतुजा फोनवरून शिकवायची. ब्रेक वळणात लावायचा नाही, वळणाआधी लावायचा. चाकाकडे बघायचं नाही, रस्ता जिथून बाहेर पडतो तिकडे बघायचं. अप्पाला हे पाठ होतं, पण बोटं ऐकत नव्हती. पहिल्या वर्षी तो अर्ध्यात उतरून चालायचा. वहिनी टेम्पोत डबा घेऊन बसलेल्या असायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "द्या इकडं ती सायकल." लहानपणी गावात भावाची सायकल चालवलेली, तेवढाच सराव. सलवार-कमीज घालून आल्या होत्या, म्हणजे आधीच ठरवलेलं असणार. सरळ खाली गेल्या. आम्ही दोघं मागून पोचलो तेव्हा त्या दगडावर बसून पाणी पीत होत्या.

"तुमी दोघंबी म्हशीचं दावं धरल्यासारखं ब्रेक धरता," त्या म्हणाल्या. "ती काय पळून चाललीय का?"

अप्पा इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या दिवसापासून वहिनी पुढे आणि अप्पा त्यांच्या मागे, त्यांच्या चाकाकडे नाही तर त्यांच्या पुढच्या वळणाकडे बघत. गेल्या हिवाळ्यात तो रस्ता त्याने पहिल्यांदा न थांबता उतरला. खाली येऊन त्याने फक्त मुठी उघडून-मिटून दाखवल्या. बोटं मोकळी होती. मग तिकिटं काढली... आणि मग तो बुधवार आला.

त्यांच्यात दहन करत नाहीत. अप्पाला बसवूनच नेलं, खड्ड्यात बसवलं, लिंग तळहातावर ठेवलं, स्वामींनी मंत्र म्हटले आणि भस्म, बेल, मग माती. दिवसकार्य उरकल्यावर बैठकीत महालिंगने विषय काढला. तो मनाने वाईट माणूस नाही.

"वैनी, तिकिटं रद्द करू. थोडं कापून घेतील, बाकीचं परत येईल."

"ह्यांचं करा. माझं ठेवा."

"वर्षसुद्धा झालं न्हाई. लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, उतार राह्यलाय. भावजी, तुमचं?"

मी म्हणालो, माझंही ठेवा. माझी बायको सुनंदा शेजारी बसली होती, ती म्हणाली, "मग रविवारचं बंद कामून केलंय? डबा मी घेते." महालिंग कार्यासाठी आलेल्या ऋतुजाला विचारायला लागला की तिकडे सप्टेंबरात थंडी किती असते.

म्हणून आता रविवारी टेकडीवर वहिनी, सुनंदा आणि मी असे तिघं जातो. गेल्या रविवारी वहिनी तीन वेळा उतरल्या. तिसऱ्यांदा खाली आल्या, हेल्मेट काढलं आणि माथ्याकडे बघत उभ्या राहिल्या. "भावजी, त्या उताराच्या आधी चढ केवढा हाय?" मी सांगितलं. पुलाच्या भाषेत सांगितलं. त्यांनी आकडा ऐकला, सायकल फिरवली आणि चढायला लागल्या. पहिल्याच वळणावर सायकलवरून उतरल्या, दम घेतला, परत बसल्या. पुढे पुन्हा उतरल्या. सुनंदा टेम्पोतून हाका मारत होती, रशीदभाई हळूहळू मागे चालवत होते, "वैनी, बैठ जाओ, जागा हाय." त्या मान हलवत राहिल्या. माथ्यावर पोचल्या तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी ओढणीने तोंड पुसलं, पर्स काढली आणि रशीदभाईंना त्या दिवसाचं भाडं दिलं, वर शंभर रुपये जास्तीचे.

"हे कशाचे?" रशीदभाईंनी विचारलं.

"आजवरच्या चढाचे," वहिनी म्हणाल्या. "पुढल्या रविवारपासून टेम्पो पायथ्यापर्यंतच."