बाकासमोरचा पट्टा

आमच्या फुटबॉल क्लबात कोचची हकालपट्टी होणार, हे कोचच्या आधी मैदानाच्या माळीकाकांना कळतं. सामना चालू असताना प्रत्येक कोच खेळाडूंच्या बाकासमोर येरझाऱ्या घालतो आणि तिथलं गवत मरतं. नवा माणूस येईपर्यंत तो पट्टा हिरवा दिसावा म्हणून सेक्रेटरी आधीच सांगतात, "काका, बी मागवा." बारा वर्षांत असं सात वेळा झालं. मी क्लबाचा कारकून. मागणीचा कागद दरवेळी मुकाट्याने मीच लिहिला.

मागच्या कोचला काढलं त्या सकाळी, अजून काहीच माहीत नसताना, तो काकांच्या खोलीत डोकावला होता. "गवत काय झकास राखलंय हो, काका!" म्हणाला. काका बियांच्या पोत्यावरच बसले होते. तेव्हापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नाही.

परवा लागोपाठ नववा सामना हरलो आणि सेक्रेटरी मैदानात आले. "काका, बी मागवा."

"नाही मागवत," काका उखडले. "कोंब येतात आणि सकाळी तुडवलेले दिसतात. सातही जण अजून तिथंच फिरतायत. आता आठवा कशाला धाडताय?"

"अहो, हरतोय आपण!"

"सात काढले, तेव्हा जिंकलो का?"

सेक्रेटरी मोठ्याने हसले. "म्हातारपण, दुसरं काय!" असं मला म्हणून गेटाकडे निघाले. सरळ वाट त्या पट्ट्यावरूनच जाते. ते कडेशी थबकले आणि अख्ख्या मैदानाला वळसा घालून गेले.