कोण गेलं ते कोणी विचारेना

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक आणि दुसऱ्या दिवशी, पाहुण्यांची झोप उतरायच्या आत, सोयरिकी. अर्ध्या गडचिरोलीची लग्नं मंडईत जमली, असं मी म्हटलं तर उरलेली अर्धी भांडायला येईल.

त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या बाईच्या, पोरीला बघायला चिमूरकडचे पाहुणे मंडईच्या दुसऱ्या दिवशी येणार होते. पोरगी शिकलेली, पण जिभेला धार. आधीची ठिकाणं त्या धारेनंच कापली होती. हे तरी जमावं म्हणून बाईनं गावातला एकही देव सोडला नव्हता.

आता बाईचं एक सांगायला हवं. ती नाटकात रडते. आमच्या गावचा तलाव पावसानं भरतो हा सरकारी गैरसमज आहे. त्या रात्री स्टेजवरची सून सासरच्या जाचानं घर सोडून निघाली आणि बाईनं पदर तोंडाला लावला. भाटव्यांनी, म्हणजे बाईच्या नवऱ्यानं, गंमत म्हणून नव्या मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला आणि सोयऱ्यांच्या ग्रुपवर सोडला. भाटव्यांना व्हिडिओ टाकता येतो, लिहायचा कंटाळा. खाली अक्षर नाही. मागून नाटकाच्या ऑर्गनचा रडका सूर. लोकांना वाटलं, माणूस गेल्यावर व्हिडिओला लावतात तेच संगीत.

सकाळी बाईच्या ओसरीवर जाग आली तर माझा फोन कढईतल्या लाह्यांसारखा तडतडत होता. श्रद्धांजली, जोडलेले हात, रडके चेहरे. वरोऱ्याचा मावसभाऊ लिहितो, "देवमाणूस गेला." अहेरीची आत्या लिहिते, "परवाच माझ्याशी किती छान बोलली होती!" माणूस की बाई, तेही कळेना. घरात तर सगळे घोरत होते, आणि घोरणारा माणूस मेलेला नसतो एवढं मला कळतं. तरी माझे डोळे वाहायला लागले. मीही दोन हात जोडून टाकले. कोणासाठी, देव जाणे.

भाची चहा घेऊन आली. "मामा, काऊन रडून राह्यले?"

"कोणीतरी गेलं ना पोरी!"

"कोण?"

"ते नाई माहीत."

तिनं फोन हिसकला, बोटानं सरकवत थेट मुळाशी गेली आणि खदखदून हसली. मग तिनं पुढचं वाचून दाखवलं. व्हिडिओ फिरत फिरत चिमूरला पोचला होता. पोराच्या आईचा निरोप कोणीतरी ग्रुपवर आणून टाकला होता : तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहो.

बाई मटकन खाली बसली. "सुतकाच्या घरी पोरगी पाहाले कोण येते आता!"

भाटव्यांनी जन्मात पहिल्यांदा टाइप केलं, "कोणी मेलं नाई." लगेच उत्तरं आली, "धीर धरा भाऊ." "सुरुवातीले असंच वाटते." तेवढ्यात शेजारच्या गावचे नातेवाईक पिठलं-भाकर घेऊन दारात उभे. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही ना!

आणि दुपारच्या आत चिमूरची जीप आली. सगळे, अगदी पोरगाही, पांढऱ्या कपड्यांत. पोराच्या आईनं उतरल्या उतरल्या बाईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. खुलासा करायचा सोडून बाईनंही सूर लावला. गल्लीतल्या बाया धावत आल्या, त्याही रडल्या. कोणीच मेलं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी माझा रुमाल पिळायची वेळ आली. हे कसं होतं ते मला अजून उलगडलं नाही. हसणं एवढ्या लवकर लागत नाही.

शेवटी पोराच्या आईनं नाक पुसून विचारलं, "पण बाई, गेलं कोण?"

"कोणीच नाई वं! नाटक होतं ते."

"मंग मी काऊन रडून राह्यली?"

"मले का माहीत! तुमी रडल्या म्हणून मी रडली."

ओसरीशी बांधलेल्या बोकडानंही चघळणं थांबवलं. सोयरीक आता मोडते की काय, म्हणून बाईनं माझा हात गच्च धरला.

भाची सरळ पोरासमोर गेली. "तुमी बी हात जोडले का मोबाइलवर?"

पोरगा गोंधळला. "नाई. मी मायले म्हणलं, पयले इचारून तं पाहा कोण गेलं. तुमच्या बाबाले फोन लावला, तं सकाळपासून लागूनच नाई राह्यला."

भाचीनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग ती आत गेली आणि तिनं चूल पेटवली. धूर ओसरीवर आला तेव्हा बाईनं माझा हात सोडला.

पोहे झाले, आणलेलं पिठलंही संपलं, सोयरीक ठरून कुंकू लागलं. भाटव्यांनी दोघी विहिणींचा, डोळे सुजलेले असतानाचाच, फोटो ग्रुपवर टाकला. खाली अक्षर नाही. अहेरीच्या आत्यानं लगेच लिहिलं, "ईश्वर तुम्हाला बळ देवो."

ते वाचून बाईचे डोळे पुन्हा भरले.