केजचा कपडा केजात नको

कपडा हातात आला की ती आधी उलटा करायची. साडी असो, शर्ट असो, लेकराचं झबलं असो. शिवण बोटांनी चाचपायची, काखेचा भाग उजेडात धरायची आणि म्हणायची, “वरून समदेच चांगले असत्यात. आतून दावा.” गल्लीतल्या बायकांना याचा भारी राग यायचा. कपडा आपण टाकायचा आणि ही बया त्याची परीक्षा घेणार.

अशी बाई तुमच्याही दारात येऊन गेली असेल. डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलची भांडी, काखेत गाठोडं. जुने कपडे घ्यायचे आणि त्यावर एखादा डबा नाहीतर पातेलं द्यायचं. आमच्या केजात ती वीस वर्षं फिरली. मी तिला मावशी म्हणायचे.

ते कपडे ती धुवायची, उसवायची, बटणं बदलायची आणि धर्मापुरीच्या बाजारात चादर अंथरून विकायची. नुसता ढीग घालून नाही. ती जोड लावायची. एका घरचा कुर्ता, दुसरीकडची सलवार, तिसऱ्या घरच्या साडीची ओढणी, आणि तिन्ही मिळून असं दिसायचं की दुकानातून नवं घेतलेलीनेही मान वळवून बघावं. गिऱ्हाईक आलं की तिचा पहिला प्रश्न, “कुठं जायाचंय घालून?” बँकेत जाणारीला एक जोड, माहेरी जाणारीला दुसरा. शेळ्यांमागे जाणारीने कितीही हट्ट केला तरी तिला ती जॉर्जेट देत नसे. “बोरीला अडकून फाटंल अन् मला शिव्या देशील,” म्हणायची.

निवडणूक झाली की पांढरे शर्ट निघायचे. पडलेल्या उमेदवारांच्या घरचे तर दोनदाच घातलेले, कडक इस्त्रीचे. मावशी ते कापून शाळेतल्या पोरांचे शर्ट करायची. “पुढारी न्हाई गेला, शर्ट तरी जाऊ द्या की शाळंत.”

तिचा नियम एकच होता. केजचा कपडा केजात विकायचा नाही. इथला माल घेऊन ती जीपने अंबाजोगाईला जायची, तिथे गाडी बदलून धर्मापुरीला. येताना तिकडचा इकडे आणायची. फारच ओळखू येणारा कपडा असला तर थेट लांब कडा गावी, बहिणीकडे धाडायची. एवढी यातायात कशाला, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, ज्याचा व्हता त्यानं रस्त्यात वळखला, तर घालणारा तितंच नागडा होतो.”

मला हे पटलं होतं. पटूनही मी जे केलं त्याची मला अजून चीड येते.

मी इथल्या एका हायस्कूलात शिकवते. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस होता. त्यांना सगळे साहेब म्हणतात. गावातून जुने कपडे गोळा करून शाळेतल्या गरजू मुलींना वाटायचे असं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. कपडे निवडायला मी मावशीला बोलावलं. ढीग बघून ती म्हणाली, “हे इथलंच हाय. इथंच नका वाटू. मी धर्मापुरीहून बदलून आणते, चार दिस द्या.” वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. मी म्हणाले, “मावशी, हा धंदा नाही, समाजकार्य आहे.” हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. घरी शेळ्यामेंढ्या, गावाबाहेर राहणं, आणि गणितात अशी की आमचे गणिताचे सर तिच्याकडून उत्तर पडताळून घ्यायचे. तिला पिस्ता रंगाचा ड्रेस मिळाला, गळ्याला आरसे लावलेला. साहेबांच्या हातून, फोटो काढून. रविवारच्या जादा तासाला गणवेश नसतो, म्हणून ती तोच घालून आली. मधल्या सुट्टीत वर्गातली एक जण म्हणाली, “अगं, आत कंबरेपाशी शाईचा डाग आहे बघ. माझाच आहे हा.” ती काही वाईट मनाने बोलली नव्हती. पण वर्ग हसला.

सोमवारपासून ती मुलगी शाळेत आली नाही. परीक्षेला दोन महिने उरले होते. हेडमास्तर म्हणाले, “एका ड्रेसपायी कुणी शाळा सोडतं का?” मी तिच्या घरी गेले तर आई म्हणाली, “बोलतच न्हाई वो. पहाटंच शेळ्या घेऊन जाती.” मग मी तोंड पाडून मावशीकडे गेले.

“तुमाला सांगितलं व्हतं.”

“हो.”

“मग कावून ऐकलं न्हाई?”

ती म्हणाली, “शिकल्याली माणसं शिकवत्यात लई. आयकत न्हाईत.” मग गाठोडं सोडून जोड लावायला बसली. मी सोबत येते म्हटलं तर माझ्यावरच डाफरली, “तुमी आलात की ते पुन्यांदा दान होतं.”

पुढचं मला मुलीच्या आईने सांगितलं. मावशी नेहमीसारखी हाळी देत गेली. मुलीने तो पिस्ता ड्रेस आणून तिच्यापुढे टाकला. मावशीने उलटा केला, डाग बघितला आणि नाक मुरडलं. “डागाळल्याला हाय. यावर एकच जोड मिळंल.” मुलगी म्हणाली, दोन. मावशी म्हणाली, एक. अर्धा तास दोघी भांडल्या. आठ दिवसांत ती पोर पहिल्यांदा तोंड उघडून बोलली. शेवटी मावशीने कुरकुरत दोन जोड दिले आणि तो ड्रेस कड्याला धाडला. मुलगी शाळेत आली. रविवारी निळा कुर्ता आणि राखाडी सलवार घालून आली, आणि कुणाला त्यात काही ओळखू आलं नाही.

ती पास झाली. गणितात शाळेत पहिली. इथे गोष्ट संपायला हवी होती.

निकालानंतर चौकात फ्लेक्स लागला. साहेबांच्या हातून पिस्ता ड्रेस घेणारी ती मुलगी, माणसाएवढी, आणि खाली ‘साहेबांच्या मदतीने गरजू कन्येची भरारी’. अकरावीच्या प्रवेशाला तिला अंबाजोगाईला जायचं होतं, आणि एसटी स्टँड चौकापलीकडे. सकाळी आईचा फोन आला, “ती घरातनं निघंना.” प्रवेशाचा शेवटचा दिवस. मी हेडमास्तरांना फोन केला. ते म्हणाले, “साहेबांना कोण सांगणार?” मी चौकात जाऊन त्या फ्लेक्सपुढे उभी राहिले. आणि नुसती उभीच राहिले.

मावशी पाटी घेऊन आली. मी सांगितलं. तिने चहावाल्याचं बाकडं ओढलं, वर चढली, कमरेची कात्री काढली आणि त्या पोरीला केसांपासून चपलांपर्यंत कापून काढलं. घाईने टराटरा फाडलं नाही. कुर्त्याचं कापड बेतावं तसं नीट, कडेकडेने. गुंडाळी करून गाठोड्यात घातली आणि मला म्हणाली, “सांगा पोरीला, ये म्हणावं.”

मुलगी आली. साहेब वर दोन्ही हात पुढे करून एका भोकाला कपडे देत होते. तिने एकदा वर बघितलं आणि पलीकडे जाऊन एसटीत बसली.

गाडी सुटल्यावर साहेबांची माणसं आली. त्यांनी मावशीची पाटी रस्त्यावर उलटी केली. पुन्हा केजात दिसलीस तर बघ, असं सांगितलं. मग एक जण माझ्याकडे वळला. “मॅडम, कोण आहे ही?” मावशी खाली बसून भांडी वेचत होती. मी म्हणाले, “मला नाही माहीत.” तिने मान वर केली नाही.

त्यानंतर ती केजात आली नाही. मी धर्मापुरीच्या बाजारात दोनदा जाऊन आले. तिथल्या बायकांना विचारलं, जुने कपडे विकणाऱ्या मावशी कुठे बसतात? त्यांनी विचारलं, “कंची मावशी? नाव काय तिचं?”

मला माहीत नव्हतं.