कुसुमच्या हृदयाचे चाळीस टक्के

माझ्या बायकोच्या हृदयाला कधीही काहीही झालेलं नव्हतं.

हे आता लिहून ठेवायलाच हवं. कारण गुरसरायपर्यंतचे आमचे सगळे नातेवाईक आजही म्हणतात, की झाशीच्या त्या डॉक्टरांनी भलताच रिपोर्ट दिला. डॉक्टर बिचारे आता हयात नाहीत. रिपोर्ट बरोबर होता. भलता होता तो वाचणारा. (म्हणजे मी.)

जिना चढताना कुसुमची छाती धडधडली, म्हणून डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी करायला सांगितली. रिपोर्ट हातात पडला, तेव्हा डॉक्टर नेमके बाहेरगावी. थांबावं की नाही माणसानं? पण मी पडलो ऑडिटातला बाबू! आमच्याकडे जे ठीक असतं ते कोणी लिहीत नाही. लिहिलंय म्हणजे आक्षेप. आणि इथे तर पानभर लिहिलेलं! मायट्रल झडपेतून किंचित गळती. खाली, इजेक्शन फ्रॅक्शन साठ टक्के.

"साठच?" मी ओरडलो. "मग उरलेले चाळीस गेले कुठे?"

"तुमच्याशी संसार करण्यात गेले असतील," कुसुम म्हणाली. "पण परवा मी माहेरी, गुरसरायला जाणार म्हणजे जाणार."

तिच्या धाकट्या भावाला, विनायकला, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मुलगा झाला होता. परवा त्याचं बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या ही एकुलती एक. नाव तिनं कधीचं ठरवून ठेवलेलं. मलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"अगं, जीप काय उसळते त्या रस्त्यावर! झडप गळतेय तुझी!" असं म्हणून मी तिला खाटेवर निजवलं.

शेजारचे तिवारीजी धावत आले. "काए भैया, जो का हो गओ?"

मी त्यांना मोरीतला ठिबकणारा नळ दाखवून झडप समजावून सांगितली. त्यांनी नळाची तोटी पिळून बघितली.

"ऐसो नल तो हमाए घर में बरसों सें टपक रओ," ते म्हणाले. "कोऊ मरो तो नइयाँ."

अडाण्यांच्या नादी कोण लागणार? मी विनायकला फोन लावला. "ताई येऊ शकत नाही रे. चाळीस टक्के हृदय गेलं!"

पलीकडून हुंदका आला. "दाजी, मग आम्हीच येतो. ताईशिवाय नाव ठेवायचं नाही."

मला वाटलं, तिघं येतील. बारशाच्या दिवशी दारात दोन जीपगाड्या थांबल्या! त्यातून बाळ, बाळंतीण, पाळणा आणि रडवेल्या चेहऱ्यांचं अख्खं गणगोत उतरलं. म्हाताऱ्या काकूंनी तर उंबऱ्यातच गळा काढला. आता एवढ्यांना जेवायला कोण घालणार? कुसुम पदर खोचून खाटेवरून उठली.

तिनं पुऱ्या लाटल्या, पाण्याच्या बादल्या वर नेल्या, स्टुलावर चढून पाळणा टांगला. आणि मी? खुर्ची घेऊन तिच्या मागोमाग! कुठेही कोसळली, तरी खाली खुर्ची हवी. तिसऱ्यांदा जिना चढलो आणि त्या खुर्चीत मीच कोसळलो.

तेवढ्यात गावाहून परतलेल्या डॉक्टरांना तिवारीजी पकडून घेऊन आले. डॉक्टरांनी सरळ माझ्याच छातीला नळी लावली.

"मैं नहीं, मरीज़ वो हैं!" मी स्टुलापाशी उभ्या कुसुमकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. "बाबूजी, एक धड़कन में पूरा ख़ून किसी का दिल नहीं फेंकता. साठ परसेंट बढ़िया है. और इतनी-सी लीक तो अच्छे-भले दिलों में मिल जाती है. दवा की भी ज़रूरत नहीं."

सगळं गणगोत माझ्याकडे बघू लागलं.

"रिपोर्टातच काहीतरी घोळ होता वाटतं," मी पुटपुटलो.

सगळ्यांना पटलं! डॉक्टर नुसते हसले आणि पुरी खाऊन निघून गेले. त्यांचं ते हसू मला आजही टोचतं.

मग कुसुम पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात तिनं 'कुर्र' केलं, हळूच नाव सांगितलं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "माधव!" रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. (मी "हळू, झडप!" म्हणून ओरडलो, ते कुणी ऐकलं नाही.) विनायकनं डोळे पुसले.

पाठ चोळत कुसुम माझ्या खुर्चीपाशी आली, वाकली आणि माझ्याही कानात 'कुर्र' करून तिनं माझंही एक नाव ठेवलं.

ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तिनं त्या नावानं हाक मारली, की मी अजूनही ओ देतो.