डोंगरातला गोठा

चित्रकलेची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, त्याच उन्हाळ्यात लेकीनं मला व्हिएन्नाला बोलावून घेतलं. ती तिथं नोकरीला आहे. मी दोन कोऱ्या चित्रवह्या घेऊन गेले. आयुष्यभर पोरांना फळ्यावर घागरी आणि मोर काढून दाखवले. आता स्वतःसाठी काढायचं ठरवलं होतं.

पण हात मोकळा होईना. चर्चचे मनोरे, राजवाड्याच्या कमानी, नदीवरचे पूल, सगळं मोजूनमापून उतरलं. चित्रं बिनचूक होती आणि मेलेली होती. लेक म्हणायची, "आई, छान आलंय," आणि पान उलटायची.

एका शनिवारी तिनं मला डोंगरातल्या खेड्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती झोपलेली असतानाच मी बाहेर पडले. एका गोठ्याच्या कुंपणाला टेकून चित्र काढत होते, तेवढ्यात आतून गाईचं कण्हणं ऐकू आलं. तो आवाज लहानपणापासून ओळखीचा. गाय अडली होती.

दारात माझ्याच वयाची एक बाई आली. कोपरापर्यंत हात माखलेले. मला पाहून ती काहीतरी बोलली. शब्द कळले नाहीत, पण काय हवंय ते कळलं. वही कुंपणापाशी ठेवून मी आत गेले.

वासराचे पुढचे दोन पाय बाहेर आले होते. तिनं त्यांना दोरी बांधून एक टोक माझ्या हातात दिलं. गाईनं कळ दिली की ओढायचं, ती थांबली की आपणही थांबायचं. जवळा बाजार गावाजवळच्या आमच्या शेतात बाबांनी शिकवलेलं. मी "हो माय, हो" म्हणत होते. तीही तिच्या भाषेत गाईला समजावत होती. शेवटी वासरू बाहेर घसरलं. बाईनं त्याचं नाकतोंड पुसलं, गवतानं अंग चोळलं. ते शिंकलं, तसा तिनं माझा हात धरला. आम्ही दोघी तशाच पेंढ्यावर बसून राहिलो.

मग मी वही आणली आणि वासराला चाटणारी गाय काढली. या वेळी काही मोजलंमापलं नाही. पानावर अंगठ्याचा तपकिरी डागही पडला.

भारतात परत आल्यावर गावी गेले. बाबा आता ऐंशीच्या पुढं आहेत. अंगणात बसून त्यांनी वही चाळली.

"हे काय?"

"चर्च आहे, बाबा."

"बरं."

राजवाडेही तसेच गेले. गाईच्या पानावर मात्र त्यांचा हात थांबला.

"ही जनली तवा तू तिथंच होतीस?"

"व्हय. मी अन् त्या गोठ्यातल्या बाईनं, दोघींनीच सोडवलं."

"पाय सरळ होते का?"

"दोन्ही सरळ होते."

त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. "लई थकलेली दिसून राहिली. बराबर काढलंस."

माझ्या चित्राला ते याआधी कधी 'बराबर' म्हणाल्याचं मला आठवत नाही.

"घरात दुसरं कोणी नव्हतं का तिच्या?"

"दिसलं न्हाई कोणी."

"एकटी बाई, अन् गाय अडलेली." त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "तिला म्हणावं, ये एकदा आमच्याकडं. चार दिस राहा."

मला तिचं नावही ठाऊक नव्हतं.

"सांगते, बाबा," मी म्हटलं.